मोटरच्या बटणाशेजारची बाबांची चिठ्ठी

आज ऑफिसात मी आमच्या एआय एजंटला मूर्ख म्हणालो आणि तासाभरात ते शब्द गिळले.

चाचणी चालू होती. एका ग्राहकाला "तुमचं पार्सल उद्या येईल" एवढंच कळवायचं होतं. पठ्ठ्याने यादीतल्या सगळ्यांना कळवलं! नशीब, यादी खोटी होती.

एजंट मेसेज पाठवायला जे टूल वापरतो, त्याचं मी एजंटसाठी लिहिलेलं वर्णन शेजारच्या श्रुतीने उघडलं. "मेसेज पाठवतं." बस्स.

"अण्णा, हे सगळ्यांना जातं हे कुठे लिहिलंय?"

"सगळ्यांना माहितीये की!"

"त्याला कसं माहिती असणार?"

आणि मला यशवंतपूरच्या आमच्या घरातली मोटर आठवली. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. बटणाशेजारी त्यांनी चिठ्ठी डकवलेली: "ही मोटर खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवते. खालची टाकी रिकामी असताना लावू नये, जळते. वरची भरली की लगेच बंद करावी." आम्ही हसायचो. एका बटणासाठी एवढं पुराण!

आज तसंच पुराण लिहिलं. काय करतं, कधी वापरू नये, चुकलं तर काय होतं. एजंट पहिल्या फटक्यात बरोबर वागला.

संध्याकाळी घरी मोटर लावताना चिठ्ठी पुन्हा वाचली. शाई उडालीय, पण शेवटची ओळ अजून दिसते: "शंका आली तर मला विचारा."

बाबा जाऊन चार वर्षं झाली. शंका रोज येतात.

तुमच्याही घरात अशी एखादी चिठ्ठी अजून चिकटलेली आहे का?