अण्णांच्या वतीनं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, धाकट्या भावाला नाही, आणि आईला — तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझ्या वडिलांना, अण्णांना, ओळखत नव्हता. ओळखत असतात तर इथंही माझी जीभ अडली असती.

आमच्या घरात एक गोष्ट पक्की धरलेली आहे. मी अमरावतीला कायदा शिकत होतो, आंतरराष्ट्रीय कायदा शिकायला दिल्लीला जाणार होतो, प्रवेशही मिळाला होता — आणि आजारी वडिलांनी जाऊ दिलं नाही. आल्यागेल्याला आई हेच सांगते. मी शेजारी बसून चहा पितो. अकोल्यात मी हिशेब तपासण्याचं काम करतो. लोकांच्या आकड्यांतली किरकोळ चूकही मला खपत नाही. ही मात्र इतकी वर्षं खपली. कशी खपली असेल?

आधी अण्णांबद्दल सांगायला हवं. ते भातकुलीच्या शाळेत भूगोल शिकवायचे. संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या आणि कुठल्या दोन देशांचा नदीवरून, समुद्रावरून तंटा निघाला, की मला हाक मारायचे. "तुह्या कायद्यात याले काही उत्तर आहे का?" मी पुस्तकांतून शोधून आणायचो. ते डोळे मिटून ऐकायचे. हा विषय मी निवडला, असं मी सांगत आलो — पण निवडला तो त्यांनी. गल्लीतले लोक चेष्टा करत, "काय वकीलसाहेब, दोन देशाचं भांडण मिटवाले चालले? पयले आमच्या धुऱ्याचं तं मिटवा!" शेताच्या बांधाचं ते भांडण दोन पिढ्यांचं होतं. सगळ्यांत मोठ्यानं अण्णाच हसत.

दिल्लीला मुलाखतीला गेलो आणि घाबरलो. बाकीची मुलं परदेशांतले निकाल घरच्या गोष्टींसारखे बोलत होती. मला समुद्राच्या हद्दींबद्दल विचारलं. मी तोवर समुद्र पाहिलेलासुद्धा नव्हता. तरी यादीत नाव लागलं. गल्लीत पेढे वाटले गेले, आणि मी रोज मनात एकच घोकत होतो — तिथून नापास होऊन परत आलो तर? न जायला एखादं बरं दिसणारं कारण हवं होतं.

मग अण्णांना अर्धांगवायू झाला.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला फक्त एक आवाज — घशातून येणारा, लांबट, शब्द नसलेला. दवाखान्यात त्यांच्याजवळ मीच असायचो, म्हणून त्याचा अर्थ मला लागू लागला. पाणी. कूस. पंखा. हे अंदाज खरे होते, एवढी नोंद राहू द्या. नक्की करायचं असलं की मी त्यांचा डावा हात हातात घ्यायचो. हो असलं तर ते बोटं दाबायचे. ही खूण आमच्या दोघांतलीच होती. घरी आल्यावर आई दारातून विचारायची, "काय म्हणून राहिले रे ते?" आणि मी सांगायचो.

जायचा दिवस जवळ आला. एका सकाळी मी त्यांचा हात हातात घेतला. "अण्णा, जाऊ?" त्यांनी बोटं दाबली. इतकी, की माझी बोटं दुखली. ते सोडेनात. तोच आवाज मोठमोठ्यानं काढत होते. आई धावत आली. तिला काय दिसलं? आजारी माणूस मुलाचा हात सोडत नाही — एवढंच.

"काय म्हणून राहिले?"

मी म्हणालो, "नको म्हणतात. जाऊ नको म्हणतात."

हात त्यांच्याच हातात होता. हळूहळू बोटं सैल झाली. आवाज थांबला. आई त्यांच्यावर ओरडली, "काहून अडवून राहिले पोराले? जल्माचं वाट्टोळं करता का त्याच्या?" ते तिच्याकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते.

त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी तो आवाज कधीच काढला नाही. इतरांसमोर काढायचे. अंगणात असताना मला ऐकू यायचा; उंबरठ्यात पाय टाकला की मधेच तुटायचा. हात धरला तर बोटं मेल्यासारखी. आई विचारायची, काय म्हणतात? अण्णा तोंड मिटून माझ्याकडं बघत राहायचे — आणि मी, खरं सांगतो, मी अर्थ सांगायचो. चहा म्हणतात. खिडकी लावा म्हणतात. रेडिओ बंद करा म्हणतात. कुणी म्हटलं होतं असं? ते गप्प होते. तरी रेडिओ बंद झाला आणि पुन्हा कधी लागला नाही. मीच बोलायचो, घर ऐकायचं, आणि ज्याच्या नावानं मी बोलत होतो तो माणूस समोर पडून सगळं ऐकत असायचा. पुढं पुढं तर मलाही वाटायचं, की हे खरंच तेच म्हणताहेत. आई त्यांचं सगळं शेवटपर्यंत करत राहिली, पण गोड शब्द पुन्हा बोलली नाही.

माझी मुलगी आता अमरावतीला कायदाच शिकते. या उन्हाळ्यात घरी येऊन म्हणाली, आंतरराष्ट्रीय कायदाच करायचा, दिल्लीला प्रवेश मिळाला आहे. आई हसली. "जाय माय. तुले अडवाले आता कोणी नाही."

मुलगी माझ्याकडं वळली. "बाबा, आजोबांना तर बोलता येत नव्हतं ना? मग ते नको म्हणाले, हे कसं कळलं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आईच बोलली, "त्याले समजे. त्याले एकट्यालेच समजे." मुलगी अजून माझ्याकडंच बघत होती.

मी म्हणालो, "त्यांनी माझा हात सोडला नाही."

वाक्य तपासलं तर खरं आहे. तिनं मान हलवली.

पुढच्या महिन्यात ती जाईल. आजोबांनी तिच्या बापाला अडवलं होतं, हे सोबत घेऊन जाईल.