ताटातली अर्धी भाकरी

मंडळी, आज सकाळी भिंगारच्या डॉक्टरांनी शुगर बघून सांगितलं, जेवणात एक भाकरी कमी करा.

दुपारी अर्धी भाकरी ताटात बाजूला ठेवली. शेवटी तीही खाल्ली, वर नातीनं टाकलेला तुकडाही. बायको म्हणाली, "अहो, दुष्काळ सरून किती वर्षं झाली."

बहात्तरच्या दुष्काळात आमचे वडील तिसगावजवळ सरकारी कामावर खडी फोडायचे. तिथं खायला मिळालेली सुकडी फडक्यात बांधून घरी आणायचे. "मला भूक न्हाई, तू खा," म्हणायचे. मी फडकं झटकून शेवटचा कणसुद्धा खायचो.

दिवसभर दगड फोडून उपाशीपोटी त्यांना घास सोडता येत होता. मला भरल्या पोटी सोडवत नाही. तुम्हाला जमतं का?