नकाशात न आलेला ड्रम

माझं काम ऐकायला झकास वाटतं. परदेशात कुणी शर्ट घेतला, तर त्याच्या रंगानं वाटेत कुठलं पाणी आणि कुठली हवा नासवली, ते नकाशावर दाखवायचं. पुण्याच्या ऑफिसात बसून मी असे बरेच नकाशे केले. मग एकदा महाडचा आला, म्हणजे माझ्याच माहेरचा. पाहणीला मीच गेले.

कच्चा माल बंदरातून हायवेनं एमआयडीसीत येतो, रंग होऊन बाहेर पडतो. सांडपाणी सावित्री नदीकडे जातं. नदीकाठच्या दासगावला लोक मासळी राहिली नाही म्हणून कळवळून सांगत होते, तोही एक ठिपका झाला. नकाशा चांगला भरगच्च दिसत होता.

परत निघण्याआधी डोंगरातल्या कापडे गावाच्या वरच्या वाडीत मावशीकडे गेले. ती एकटीच असते, मुलगा मुंबईला. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते आणि वाडी टँकरवर जगते. हातपाय धुवायला परसात गेले, तर तिथे पाण्यानं भरलेला निळा ड्रम. खरवडलेल्या लेबलावर एका रसायनाचं नाव अर्धंमुर्धं उरलं होतं. सकाळीच ते मी नकाशात कारखान्याच्या खुणेशेजारी टाइप केलं होतं. मी तशीच आत गेले.

"मावशी, यातलं पाणी पितेस तू?"

"मंग? भंगारवाला टेम्पोतनं आनतो, अख्ख्या वाडीनं घेतलेत. राखेनं घासला, उन्हात टाकला. वास गेला गो."

"वास गेला म्हणून विष जात नाही. फेकून दे तो."

"आनि टँकरचं पानी काय वंजळीत धरू?"

ऑफिसात साहेबांना म्हटलं, रिकाम्या ड्रमांचाही बाण काढू या, कारखान्यापासून थेट डोंगरापर्यंत. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, रिकामा ड्रम म्हणजे भंगार. आपला नकाशा मालाचा आहे." असा संताप आला! माल संपला म्हणजे ड्रम काय हवेत विरतो? पण बाण निघाला नाही. नकाशा तसाच गेला आणि त्याचं कौतुकही झालं.

मग मी महाडच्या बाजारातून पिण्याच्या पाण्याचा कोरा ड्रम घेतला आणि रिक्षात घालून वाडीत पोचवला. मावशी हरखली. शेजारणींना बोलावून बोलावून दाखवला.

पुढच्या खेपेला गेले, तर नवा ड्रम आतल्या खोलीत, झाकण घट्ट लावलेला. उघडून बघितलं, तर वर्षाचे तांदूळ.

"येवढा चांगला ड्रम परसात कशाला ठेवू? आता उंदीर नाय लागत," मावशी खुशीत म्हणाली. आणि जुन्यातून तांब्या भरून तिनं माझ्यापुढे धरला.

चढ चढून घसा सुकला होता. तरी मी म्हटलं, "नको, तहान नाही."

तिचा हात तसाच राहिला. इतकं समजावून ऐकलं नाही म्हणून मला तिचा रागही येत होता आणि रडूही.

"लहानपनी सुट्टीभर हितलंच पानी प्यायचीस," ती म्हणाली. "आता आमच्या घरचं पानी चालत नाय का गो तुला?"