पंखा, कपबशी आणि पार्बताबाई

निवडणूक संपली की कापडी बॅनर कोणाच्या तरी धानाच्या ढिगावर झाकण म्हणून दिसतं. भिंतीवर रंगवलेलं चिन्ह दोन दिवाळ्या टिकतं. किस्से मात्र राइस मिलच्या मागच्या कोंड्यासारखे, उचलावेत तितके वाढतच जातात. आमच्याजवळ एकाच पंचायत समितीच्या निवडणुकीचे इतके साठले आहेत की चार माणसं बसली की एखादा सांडतोच. यातला निम्मा माल अस्सल आहे. कोणता निम्मा, हे आता मलाही सांगता येत नाही.

गोष्ट मशीन यायच्या आधीची, कागदावर शिक्का मारायच्या काळातली. मूल शहराजवळच्या आमच्या गावचे राइस मिलवाले डोमाजीभाऊ अपक्ष उभे राहिले. समोर कोण? त्यांचाच साळा, वासुदेव. भाऊंना मिशीचा भारी अभिमान. मूलच्या बाजारात, भरल्या गर्दीत ते बोलून बसले, "साळ्यानं मले पाडलं तं ही मिशी उतरवीन."

दुसऱ्या दिवशी गावचा न्हावी गणपत मिलवर हजर. "भाऊ, निकालाच्या दिवशी दुकान उघडं ठेवू का मीच येऊ?"

*

चिन्ह मिळालं छताचा पंखा. जंगलाकडच्या अर्ध्या गावांत लाइटच पोचली नव्हती. लोक पोस्टर पाहून विचारायचे, "हे कोनतं फूल होय जी?"

भाऊंनी मिलच्या ऑफिसातला पंखा काढला आणि जीपच्या नाकावर बांधला. जीप पळाली की पंखा गरगर फिरे. पोरंसोरं मागे धावत, भाऊ खुश.

एका गावात जीप थांबली, पंखाही थांबला. पारावरच्या म्हाताऱ्यानं विडी विझवली.

"म्हंजे गाडी पळन तवरच हवा?"

"हो बाबा."

"मंग निवडून आल्यावर तं गाडी उभीच राह्यन नं?"

*

भोंगेवाला त्या भागात एकच, रशीदभाई. लग्न असो, उरूस असो, निवडणूक असो, सेट त्याचाच आणि आवाजही त्याचाच. वाटणी अशी ठरली की सकाळी तो आमच्या जीपवर, दुपारी वासुदेवच्या. मी दोन्ही वेळा आमच्याच जीपवर होतो, म्हणून दुपारी गळा मलाच फाडावा लागे.

एकदा घोळ झाला. सकाळी ज्या गावात त्यानं पंख्याचा प्रचार केला, त्याच गावात दुपारी तो वासुदेवचं चिन्ह, कपबशी, घेऊन शिरला. चहाटपरीवाल्यानं त्याला हटकलं.

"रशीदभाई, सकाळी तं म्हनत होते, पंख्याशिवाय पर्याय नाई."

रशीदभाईनं माइकवर हात ठेवला. "सकाळी नव्हता."

*

खरी पंचाईत पार्बताबाईची. म्हणजे डोमाजीभाऊंची बायको आणि वासुदेवची मोठी बहीण. घर वाटेवर, त्यामुळे दुपारी आमची जीप अंगणात लागे आणि मागून त्याचीही. एका पंगतीत पंखेवाले, समोरच्या पंगतीत कपबशीवाले. बाई मधून वाढत जाई. भाकर सारखी, झुणका सारखा. नवऱ्याला मिरची एक दिली तर भावालाही एक.

दोघांना एकच चिंता, बाईचं मत कोणाला? वासुदेव गेल्या भाऊबीजेच्या साडीचा विषय काढून बोलायचा. भाऊ मिशीला पीळ देत.

शेवटी भाऊंनी हात धुता धुता विचारलंच. "तू कोनाले मारनार शिक्का?"

"मत गुप्त रायते म्हनून तुम्हीच तं भोंग्यावरून सांगून राह्यले," बाई म्हणाली. "मंग मलेच काऊन विचारता?"

*

जंगलातल्या एका गावाची रीत निराळी. सगळ्यांचं ऐकून घेत, मग बैठक बसे आणि सारं गाव एकाच चिन्हावर शिक्का मारी. रशीदभाईनं बातमी आणली की तिथे शेवटी बोलतो त्याचंच लोकांच्या ध्यानात राहतं.

झालं. प्रचाराच्या शेवटच्या दिवशी आमची जीप नाल्याच्या अलीकडे थांबली, वासुदेवची पलीकडे.

"जावई, तुमी मोठे. तुमी पयले जा," पलीकडून वासुदेव.

"साळ्याचा मान पयले," अलीकडून भाऊ.

ऊन कललं तरी कोणी हलेना. दोघेही बिस्किटाचे पुडे फोडून बसले. एवढ्यात तिसरा उमेदवार, रिटायर गुरुजी, सायकल हातात धरून नाल्यातून आले. दोघांना नमस्कार केला आणि गावात गेले. परत आले तोवर प्रचाराची मुदत संपली होती.

त्या गावात पंख्याला एक मत नाही, कपबशीलाही नाही. सगळी गुरुजींना. तेवढ्याच मतांवर ते हरून घरी गेले, पण आमच्याकडे पाहून हसत गेले.

*

मतमोजणी तहसीलात. गणपत न्हावी वस्तऱ्याची पेटी घेऊन फाटकाशी बसलेला. चिंचेखाली पार्बताबाई, सोबत एकच मोठा डबा, दोघांसाठी.

मोजलं, पुन्हा मोजलं. पंखा आणि कपबशी समसमान. बाद मत अख्ख्या मोजणीत एकच निघालं. निवडणूक अधिकारी साहेबांनी ते दोघांसमोर धरलं. एक शिक्का पंख्यावर, एक कपबशीवर. दोन्ही आपापल्या चौकटीच्या बरोबर मधोमध, ताटात वाढल्यासारखे.

"कोन येडा होय हा?" भाऊ चिडले.

"याच्या एका शिक्क्यानं मी जिंकलो असतो," वासुदेव म्हणाला.

साहेब म्हणाले, "नियमाप्रमाणे चिठ्ठी टाकू. दोघांना मान्य असेल असं माणूस सांगा, उचलायला."

दोघेही एकदम बोलले.

"आमच्या पार्बतेले बोलवा," भाऊ.

"आमच्या बाईले बोलवा," वासुदेव.

आणि दोघांनीही एकमेकांकडे असं पाहिलं, की आता संपलास तू.

बाई आत आली. साहेबांनी दोन चिठ्ठ्यांच्या सारख्या घड्या केल्या, स्टीलच्या ताटात टाकल्या, ताट हलवलं आणि पुढे केलं. गणपत खिडकीतून डोकावत होता. भाऊंचा हात मिशीवर होता.

"उचला, बाई," साहेब म्हणाले.

पार्बताबाईनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. पदर खोचला, आणि दोन्ही उचलल्या.