रुईच्या फुलात अडकलेली माशी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला, मंजिरीला, तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या घरी येणार नाही, म्हणून असेल.

रुईचं फूल जवळून पाहिलंय कधी? मधोमध बारीक खाचा असतात. मधासाठी बसलेल्या माशीचा पाय त्यात सरकतो आणि अडकतो. दांडगी माशी सुटते. लहान असली तर लटकून राहते, उन्हात वाळते. फूल तिला खात नाही. कुणालाच त्यातून काही मिळत नाही — नुसतीच मरते.

दोहाबाहेर रस्त्याकडेच्या वाळूत रुई आपोआप उगवते. घरच्या मारुतीला शनिवारी पानांची माळ हवी, म्हणून मी सकाळी गाडी घेऊन जायचो. त्या शनिवारी ईराही आली — आमची मुलगी, तेव्हा सात वर्षांची. पानं तोडून झाल्यावर मी बाटलीतल्या पाण्याने हात धुतले. चीक डोळ्यात गेला तर काय होतं, हे नाशिकला आईने लहानपणीच बजावलं होतं. मला माहीत होतं — म्हणून तर धुतले. माझे.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. वेस्ट बेच्या साइटवरचं काहीतरी अर्जंट. काय, ते आता आठवतही नाही.

"बाबा, द फ्लाय इज स्टक. शी इज स्टिल मूव्हिंग."

मी फोनवर हात धरला. "मग सोडव ना तूच! मला बोलू दे."

तिने सोडवली. माशीचा एक पाय फुलातच राहिला, असं गाडीत सांगत होती. बोटं चिकट झालेली. मी हूं हूं करत गाडी चालवत होतो. कधीतरी तिने डोळा चोळला असणार — मी बघितलं का? बघितलं असेल.

दुखलं नाही तिला. दुपारी म्हणाली, एका डोळ्याने सगळं धुरकट दिसतंय.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, मग मंजिरीने विचारलं, "हिने हात कसा लावला? तू कुठे होतास?"

"मी नको म्हटलं होतं," मी म्हणालो. "ऐकलं नाही तिने."

इतकं सहज. ईरा पलंगावर बसली होती, एका डोळ्यावर पट्टी. तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होतो — आता बोलेल. ती आईकडे वळली. "सॉरी, आई."

डोळा बराचसा सुधारला. पूर्ण नाही. उजेडाभोवती अजून वलय दिसतं तिला. मंजिरी तेव्हा खूप रागावली होती तिला. मी मध्ये पडलो, "जाऊ दे, लहान आहे," म्हणालो. तेही केलं मी.

आता ती तेरा वर्षांची आहे. मागच्या महिन्यात फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या घरी मित्राचं कुटुंब जेवायला आलं होतं. त्यांच्या धाकटीने तिला डोळ्याचं विचारलं. ईराने हसत सांगितलं, "बाबाने नको म्हटलं होतं. आय डिडन्ट लिसन."

ती मला वाचवत नव्हती. तिला तसंच आठवतं आता. तिच्या आवाजावरून कळलं मला.

मी ताटं वाढत होतो. वरण वाढलं, मग भात वाढला. ईराला विचारलं, तूप हवं का. हो म्हणाली. वाढलं.