चालकाशी बोलावं

आमच्या यांना हार्ट अटॅक आला, तेव्हा घरात पहिल्यांदाच सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं: आता यांनी हलायचं नाही. नणंद पैठणहून सफरचंदं घेऊन आली आणि पलंगाशी बसून म्हणाली, "दादा, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू नको." शेजारचे आले, भावकीतले आले, एसटीतले जुने दोस्त आले. जो येईल तो शहाळं ठेवायचा आणि 'जपा' म्हणून जायचा. माणसं मायेनंच बोलत होती. मीही त्यांच्यातलीच. हे बाथरूमला उठले तरी मी मागून धावायची.

हे एसटीत ड्रायव्हर. सगळी नोकरी पैठणच्या रस्त्यावर गेली. आवाज असा, की स्टँडवर ओरडले तर दूर शहागंजच्या बाजारात ऐकू जावं. तो माणूस अँजिओप्लास्टी होऊन घरी आला आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला तो बसलाच. सारखा छातीवर हात. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, बसून राहिलात तर पुन्हा इथंच याल. मी म्हणायची, "अहो, चला ना, कोपऱ्यापर्यंत तरी." तर म्हणायचे, "आणि रस्त्यातच काही झालं म्हंजे?" भीती मलाही तीच होती. चालावं तरी भीती, बसावं तरी भीती.

शेवटी दवाखान्यातच हार्टच्या पेशंटांचा व्यायामाचा वर्ग होता, तिथं यांना नेलं. फिजिओथेरपीची मॅडम म्हणजे आमच्या लेकीच्या वयाची पोर. तिनं पहिल्या दिवशी व्यायाम घेतलाच नाही. समोर बसली आणि म्हणाली, "काका, भीती कशाची वाटते?" मला वाटलं, आता हे खेकसणार. तर खाली फरशीकडं बघत म्हणाले, "एकटं पडायची." अख्ख्या संसारात या माणसाच्या तोंडून मी भीती हा शब्द ऐकला नव्हता. माझे डोळे भरूनच आले.

मग तिनं यांना व्हरांड्यातून हळूहळू चालवलं आणि खूण सांगितली. चालताना नीट बोलता आलं पाहिजे. आरामात गाणं म्हणता येत असेल तर जरा पाय उचला, आणि बोलताना दम तुटायला लागला की वेग कमी करा. छातीत दुखलं तर थांबायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "काकू, तुम्ही सोबत चाला. काकांना बोलतं ठेवा."

बोलतं ठेवा! मला हसावं का रडावं कळेना. एसटीत ड्रायव्हरच्या मागं पाटी असते ना, 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये', ती पाटी यांनी आयुष्यभर घरीही लावली होती. स्कूटरवर मागं बसून मी काही विचारलं, तर उत्तर घरी पोचल्यावर. पायी निघालो तरी तेच. हे पुढं, मी चार पावलं मागं, आणि तोंडाला कुलूप.

व्हायचं तेच झालं. पहिल्या सकाळी घराजवळच्या बागेत गेलो. हे दात आवळून, हात ताठ करून पुढं, मी मागून ओरडतेय, "अहो, बोला!" हे म्हणतात, "चालू दे की!" बोलायचंच नाही म्हटल्यावर दम किती लागला हे कळणार कसं? एक फेरी झाली आणि घामाघूम होऊन बाकावर बसले. दोन-तीन दिवस असं चाललं, मग बूट कोपऱ्यात गेले. "जमत नाय मला. उगं डोकं खाऊ नको," म्हणाले.

पुढच्या वेळी मी मॅडमपुढं सगळं गाऱ्हाणं मांडलं. म्हटलं, चांगलं झापू दे यांना. तर ती बया झापेचना! म्हणाली, "काका, गाडी चालवताना डोक्यात काय असायचं?"

"रस्ता. पुढचा थांबा. दुसरं काय असणार?"

"मग तेच मोठ्यानं बोला. बागेची एक फेरी म्हणजे एक थांबा. सकाळी चहाचा कप खाली ठेवला की बूट घालायचे, मधे विचार करायचा नाही. आणि काकू, तुम्ही मागं नाही, बाजूला चालायचं. मागून दम ऐकू येत नाही."

दुसऱ्या दिवशी बागेच्या फाटकात हे उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "चला, कांचनवाडी!" पैठणच्या रस्त्यावरचा थांबा तो. हिरवळीवर योगासनं करणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गाडी सुटली. कांचनवाडी झाली, दुसऱ्या दिवशी चितेगाव आलं, मग बिडकीन. आणि थांब्यांबरोबर यांचं तोंडही सुटलं. बाजाराच्या दिवशी एका बाईच्या टोपलीतल्या कोंबड्या गाडीभर उडाल्या होत्या. जायकवाडीचे दरवाजे उघडले तेव्हा अख्खी गाडी म्हणाली, आधी पाणी दाखवा, मग घरी सोडा. मी चालता चालता हसून हसून बेजार. म्हटलं, "हे मला कधी सांगितलं नाय ते?" तर म्हणतात, "तू कुठं माझ्या गाडीत होती?"

मधे पुतण्याच्या लग्नात खंड पडला. नंतर ऊन वाढलं, आणि बूट पुन्हा कोपऱ्यात. आता काय उपयोग, सगळं वाया गेलं, असं तोंड करून हे पुन्हा खिडकीपाशी. मॅडमचा फोन आला. मला वाटलं, आता तरी बोलणी खातील. ती एवढंच म्हणाली, "सुटलं ना? सगळ्यांचंच सुटतं. उद्या उन्हाच्या आधी निघून कुठवर जाल?" हे कोपऱ्यातल्या बुटांकडं बघत म्हणाले, "चितेगाव."

"मग चितेगाव," म्हणाली आणि फोन ठेवला. त्या पोरीचं भलं होवो. रागावली असती तर हे पुन्हा उठले नसते, मी ओळखून आहे यांना.

पाऊस संपता संपता आम्ही ढोरकीनपर्यंत जायला लागलो होतो. एका सकाळी हे असेच कुठल्याशा कंडक्टरची गंमत सांगत होते आणि मी नुसती 'हं' म्हणत होते. बिडकीन गेलं आणि हे एकदम थांबले.

"का गं, गप्प का?"

"काय नाय. पित्त झालंय."

"ढोरकीनच्या पुढं काय येतं, सांग."

एवढं सोपं, पैठण, माझं सासर. पण तो शब्द सांगायला मला मधे श्वास घ्यावा लागला. जबडा ठणकत होता, पाठीत भरून आलं होतं. आदल्या रात्रीचं जागरण असेल, असं मी आपलं धरून चालले होते. यांनी मला बाकावर बसवलं, रिक्षा थांबवली आणि सरळ दवाखान्याकडं वळवली. मी रिक्षातही भांडत होते, "अहो, भाजी चिरून ठेवलीय!" यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

माझ्याही हार्टला ब्लॉक निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात म्हणून बरं, बायका बऱ्याचदा पित्त समजून घरीच थांबतात. संध्याकाळी मॅडम भेटायला आली. तिनं यांना विचारलं, "काका, कसं ओळखलंत?"

"ही गप्प होती," हे म्हणाले. "ही कधी गप्प असते का?" सगळे हसले. हेही हसले, आणि मग भिंतीकडं तोंड करून रुमाल शोधायला लागले.

मी अजून जुन्या सवयीनं यांच्या मागं चार पावलं असते, तर यांना काय कळलं असतं? त्या पोरीनं मला बाजूला चालायला सांगितलं, म्हणून आज मी आहे. तिला मी या संक्रांतीला तिळगूळ नेऊन दिला, पण तेवढ्यानं काय फिटणार आहे!

आता व्यायामाचा वर्ग माझा आहे आणि मला बोलतं ठेवायचं काम यांचं. कालचीच गोष्ट. ढोरकीन ओलांडलं आणि मी मुद्दाम गप्प राहिले, बघू तरी म्हटलं. चार पावलं गेली नसतील, हे थांबले. भर बागेत, सगळ्या माणसांदेखत माझा हात धरला.

"बोल की गं," म्हणाले, आणि फाटकाकडं रिक्षा शोधायला लागले.

पुन्हा असली गंमत करायची नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि पैठण येईपर्यंत बोलत राहिले.