धाकटीच्या तोंडून

लाँड्रीत थोरली वाफेच्या इस्त्रीच्या यंत्रावर उभी असायची, आणि तिची धाकटी जाऊ पलीकडे कपड्यांच्या घड्या घालायच्या टेबलाशी. या परक्या मुलखात धाकटी आधी आलेली, इंग्रजी फडाफडा बोलणारी. थोरलीची गाडी 'येस' आणि 'थँक्यू'पुढे सरकत नसे. सुपरवायझरबाईंशी काही बोलायचं झालं की धाकटीच मध्ये. "मी आहे ना ताई, तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेता?"

यंत्राचा दांडा ओढून ओढून थोरलीचं मनगट सुजलं. टेबलाचं काम मिळावं म्हणून दीड वर्षात तिने चारदा धाकटीला बोलायला लावलं. दर वेळी उत्तर एकच, "बाई नाही म्हणतात हो."

मग ती रविवारच्या इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागली. शिकवणारी एक निवृत्त नर्स. ती प्रत्येकाकडून त्याच्या गरजेचं एक वाक्य घोटून घेई. "चुकलं तर चुकू दे, पण बोलायचं तुम्हीच." थोरलीने मनगटाचं वाक्य निवडलं. भांडी घासताना ती पुटपुटायची, तेव्हा नवरा हसायचा, "कुणावर मंत्र टाकतेस?"

पाचव्यांदा दोघी बाईंसमोर गेल्या. धाकटी हसत इंग्रजीत म्हणाली, "काही विशेष नाही. ती खूश आहे. तिला यंत्रच आवडतं."

आयुष्यात पहिल्यांदा थोरलीला इंग्रजी बोलणं न अडखळता सबंध कळलं, आणि कळलं ते हे.

"नो," ती म्हणाली. आवाज चिरकला. "आय नॉट हॅपी. माय हँड पेन. आय आस्क फोर टाइम." तिने सुजलेलं मनगट बाईंपुढे धरलं.

बाई चक्रावल्या. "मला आजवर कुणी सांगितलंच नाही!"

बाहेर आल्यावर थोरलीने एवढंच विचारलं, "का गं?"

"टेबलाशी जागा एकच आहे, ताई. तुम्ही आलात की मला यंत्रावर ढकललं असतं."

"मग तोंडावर सांगायचंस. आळीपाळीने केलं असतं आपण."

धाकटी घड्यांच्या टेबलाकडे निघून गेली.

बाईंनी एकेका आठवड्याची पाळी लावून दिली. मनगटाची सूज उतरली. पण थोरलीच्या मनात किडा वळवळू लागला, डॉक्टरांकडेही हीच बोलायची, तिथे काय सांगितलं असेल? ती एकटी दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांना जुने कागद सावकाश वाचून दाखवायला लावले. तिथे धाकटीने सगळं खरं सांगितलं होतं, थोरली स्वतः जे सांगायला विसरली होती तेसुद्धा.

थोरलीला बरं वाटायला हवं होतं. पण इतकं जपणारी तीच एका टेबलासाठी दीड वर्ष खोटं बोलली होती. ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडली.